अध्ययन अक्षम मुलाची जागा कोणत्या वर्गात?

(शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी शिक्षणतज्ज्ञ नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. माझे शिक्षण कला शाखेचे आणि नोकरी माहिती खात्याची. मेळावे, शिबिरे, वाटप यांची वृत्ते तयार करून ती वर्तमानपत्रांकडे धाडावयाची, हे माझे नित्याचे काम. तरीही या विषयावर बोलण्याचे निमंत्रण मी स्वीकारले, त्यास एक प्रसंग कारण झाला.

काही वर्षांपूर्वी दिव्यांग प्रमाणपत्रांच्या वाटपाचा एक मेळावा होता. किती प्रमाणपत्रे दिली, कोणाच्या हस्ते दिली, याची टिपणे मी घेत होतो. शेजारी जिल्हा परिषद शाळेच्या एक बाई आपल्या वर्गातील दहा वर्षांच्या मुलाला घेऊन उभ्या होत्या. प्रमाणपत्र हाती आल्यावर त्या मला म्हणाल्या, "साहेब, कागद मिळाला. आता हा उद्यापासून बसणार कोठे, तेवढे सांगा." मला उत्तर देता आले नाही. मी तयार केलेल्या वृत्तातही तो प्रश्न आला नाही. अशा वृत्तात तो येत नसतोच. परंतु पुढे दौऱ्याच्या निमित्ताने त्या बाजूला गेलो की मी त्या शाळेत डोकावू लागलो. आज जे सांगणार आहे, त्यातील बरेचसे तेथे शिकलो आहे.

हा मुलगा बोलण्यात चलाख होता. वडिलांच्या किराणा दुकानातील सामानाचा हिशेब तो तोंडी करी आणि सहसा चुकत नसे. परंतु पुस्तक समोर ठेवले की त्याची जीभ जड होई. 'घर' आणि 'धर' यांत त्याला भेद दिसत नसे. 'ख' हे अक्षर तो 'र' आणि 'व' असे सुटे वाची. फळ्यावरील तीन ओळी उतरवून घेण्यात त्याची सबंध तासिका जाई आणि त्यातही एखादी ओळ गळे.

अशा मुलासाठी आपल्या भाषेत फार जुना व फार छोटा शब्द आहे : 'ढ'. अशोकाच्या काळापासून या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलास 'ढ' म्हणतात, असे सांगतात. व्युत्पत्ती गमतीची खरी. परंतु त्या एका अक्षराने किती मुलांची शाळा सुटली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

वैद्यकशास्त्राने या मुलाची दखल घेतली त्यास सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, खेळात तरबेज होता. मात्र वाचता येत नव्हते. शिक्षण सगळे तोंडी दिले तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. १९६३ साली सॅम्युएल कर्क या अमेरिकी अभ्यासकांनी 'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा रूढ केली. आपल्या राज्याने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला, ही नमूद करण्याजोगी गोष्ट आहे. कारण १९९५ च्या केंद्रीय अपंग व्यक्ती अधिनियमातील सात प्रकारांत या अक्षमतेचा समावेशच नव्हता. तो झाला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या या अधिनियमात एकवीस प्रकार असून 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' हा त्यांपैकी एक आहे. वाचन, लेखन, शुद्धलेखन किंवा गणन यांत येणारी, भाषेच्या आकलनप्रक्रियेतील उणिवेमुळे निर्माण होणारी अडचण, असा त्याचा थोडक्यात अर्थ. बुद्धी कमी असणे ही गोष्ट वेगळी. हा भेद ध्यानात घेतला नाही तर पुढची सारी वाट चुकते.

आपली लिपी शास्त्रशुद्ध आहे, जसे बोलतो तसे लिहितो, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते बव्हंशी खरे आहे. तरी अडणाऱ्या मुलाच्या बाजूने एकदा पाहावे. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी काढावी लागते आणि तिचा उच्चार मात्र क च्या नंतर होतो. 'सूर्य' या शब्दातील र आधी उच्चारला जातो; तो लिहावयाचा मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. बाकीच्या मुलांना हे सवयीने साधते. याला प्रत्येक वेळी नव्याने उलगडावे लागते. अंकांचेही तेच. 'एकवीस' म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन रूढ पद्धतीच्या जोडीला दिले, तेव्हा राज्यभर केवढे वादळ उठले ते आपणास आठवत असेल. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मात्र गणितात मागे पडणाऱ्या पोराची अडचण कोठे असते, हे त्या निमित्ताने कित्येकांच्या प्रथमच लक्षात आले, एवढे खरे.

आता मुख्य मुद्दा. वाचता न येणारा प्रत्येक मुलगा अध्ययन अक्षम नसतो. मूल कोठे बसावे हे ठरविण्यापूर्वी ते का अडते आहे, हे शोधावे लागते; आणि येथे आपण सर्वजण घाई करतो.

पहिली तपासणी डोळ्यांची आणि कानांची. हे सांगावयास नको असे वाटेल. परंतु पाच पाच वर्षे मागच्या बाकावर बसलेले आणि चष्मा लागताच वाचू लागलेले मूल अनेक शिक्षकांनी पाहिलेले आहे. कान वाहणाऱ्या मुलाला शुद्धलेखन ऐकूच येत नाही, मग ते लिहील काय? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांमध्ये वैद्यकीय पथके येतात. पथक येईल त्या दिवशी नेमके हेच मूल गैरहजर राहणार नाही, याची काळजी शिक्षकाने घ्यावी.

दुसरी चौकशी हजेरीपत्रकाची. आपल्या राज्यातील ऊसतोडणी कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. चार वर्षे असे झाले की मूल चौथीत असूनही त्याची शाळा दोन वर्षांचीच झालेली असते. त्याला वाचता येत नाही याचे कारण त्याच्या मेंदूत शोधण्याचे प्रयोजन नाही. तिसरी चौकशी घरच्या भाषेची. मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल किंवा गडचिरोलीकडील गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातील भाषाच त्याला परकी असते. या दोन्ही मुलांना साहाय्य हवे आहे, भरपूर हवे आहे. मात्र ते वेगळ्या प्रकारचे. त्यांना अक्षमतेच्या यादीत घालणे म्हणजे आपल्या व्यवस्थेची उणीव मुलाच्या नावावर चढविणे होय.

हे सारे वगळूनही जे मूल उरते, त्याच्यासाठी शाळेत पडताळणी करावयाची असते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'प्रशस्त' ही तपासणीसूची तयार केली आहे. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरावयाचा, दुसरा विशेष शिक्षकाने. ही सूची निदान करीत नाही. कोणाला तज्ज्ञाकडे पाठवावे, एवढेच सांगते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शाळेतील ही पडताळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा व्हावयाची. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. सहा वर्षांच्या मुलाची अक्षरे उलटी पडली म्हणून पालकांनी घाबरून जाऊ नये. त्या वयात ती बहुतेकांची पडतात. परंतु आठ वर्षांपर्यंत हातावर हात ठेवून बसावे असाही याचा अर्थ नाही. अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन योजणे, हे कर्तव्य अधिनियमाच्या कलम १६ ने शिक्षणसंस्थांवर टाकले आहे आणि ते प्रमाणपत्राच्या तारखेपासून सुरू होत नाही.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येतो. जागा कोणत्या आहेत? गावातील नेहमीची शाळा, त्याच शाळेत राहून काही तासिका विशेष शिक्षकाकडे, विशेष शाळा, आणि मुलाची अवस्था फारच कठीण असेल तर घरी शिक्षण. ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास परिसरातील शाळा किंवा विशेष शाळा यांपैकी हवी ती निवडून विनामूल्य शिकण्याचा हक्क कलम ३१ देते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हे पर्याय खुले ठेवले आहेत. कागदावर निवड पालकांची आहे. प्रत्यक्षात पालक विचारतात मुख्याध्यापकांना, आणि मुख्याध्यापक सांगतात तेथे पोराला नेतात.

या मुलाच्या बाबतीत तेच घडले होते. प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी, तो तिसरीत असताना, याला विशेष शाळेत घाला, असा सल्ला एका वडीलधाऱ्या शिक्षकांनी दिला होता. हेतू वाईट नव्हता. तालुक्याच्या गावी बौद्धिक अक्षम मुलांची एक निवासी शाळा होती. आईने ट्रंक भरली, मुलगा तेथे गेला. तेथील माणसे प्रेमळ होती. परंतु तो अभ्यासक्रम दुसऱ्या मुलांसाठी होता. स्वतःचे कपडे घालणे, मणी ओवणे, मेणबत्त्या करणे. हा मुलगा दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघरातील धान्याचा हिशेब सांगू लागला. तेथील शिक्षिकेनेच पुढे पालकांना बोलावून सांगितले की, हे मूल आमचे नव्हे, याला परत न्या. तोवर आठ महिने गेले होते. गावातील पोरांनी त्याला त्या शाळेचे नाव चिकटविले होते ते निराळेच.

मी विशेष शाळांविरुद्ध बोलत आहे असा ग्रह कृपया करून घेऊ नये. मूकबधिर मुलाला खुणांची भाषा, अंध मुलाला ब्रेल, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दैनंदिन जीवनाचे शिक्षण विशेष शाळा देते; तसे देण्याची सिद्धता गावच्या शाळेत बहुधा नसते. महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्थांनी हे काम दीर्घकाळ केले आहे. तक्रार एवढीच की, वाचनात अडणाऱ्या परंतु बुद्धीने धड असलेल्या मुलासाठी ती जागा नाही. शिवाय गावची शाळा शिक्षण विभागाची आणि विशेष शाळा डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाची. मूल एकीकडून दुसरीकडे जाताना त्याचे कागद मागे राहतात. आमच्या फाइली चालतात; परंतु मुलाच्या वेगाने चालत नाहीत, हे कर्मचारी म्हणून मान्य करावयास मला संकोच वाटत नाही.

मेळाव्यानंतर पुन्हा तोच पेच उभा राहिला होता. आता तर प्रमाणपत्र आहे, तेव्हा विशेष शाळाच बरी, असे गावातील काही मंडळी म्हणू लागली. जो कागद मुलाला गावच्या शाळेत टिकविण्यासाठी मिळविला, तोच त्याला बाहेर काढण्याचे कारण होऊ पाहत होता! बाईंनी त्याला ठेवून घेतले. पालकांकडून तसे लेखी घेतले आणि एक प्रत केंद्रप्रमुखांना दिली.

त्यांनी वर्गात काय केले, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण शिक्षकांच्या उपयोगाचे तेच आहे. त्यांची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथीचे वर्ग दोन खोल्यांत. ही आपण एरवी अडचण समजतो. बाईंनी तिचाच उपयोग केला. रोज सकाळी चाळीस मिनिटे वाचनाचे गट वर्गवार न करता वाचनाच्या पायरीप्रमाणे बसविले. हा मुलगा दुसरीच्या मुलांबरोबर बसे. परंतु तिसरीची दोन मुलेही त्याच गटात असत आणि दुसरीची एक चुणचुणीत मुलगी चौथीच्या गटात. त्यामुळे कोण कोठे बसला याचे कोणास नवल राहिले नाही. गणिताच्या वेळी तो आपल्या वर्गात परत येई आणि तेथे त्याचा हात सर्वांत आधी वर जाई. शाब्दिक उदाहरण मात्र त्याला वाचून दाखवावयाचे, असे ठरले होते.

अक्षरे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतली. एकसारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी नाहीत. घ पक्का झाल्यावर काही आठवड्यांनी ध. वाळूत बोटाने अक्षर काढावयाचे आणि काढताना ते मोठ्याने म्हणावयाचे. फळ्यावरचे उतरविणे बंद. शेजारची मुलगी लिही त्याखाली कार्बन कागद. सर्वांसमोर अचानक उठवून वाचावयास लावावयाचे नाही. उद्या वाचावयाचा उतारा आज घरी द्यावयाचा, म्हणजे आई चार वेळा म्हणवून घेई. परिसर अभ्यासाची चाचणी तोंडी. यांत खर्चाची बाब एकही नव्हती. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक महिन्यातून दोनदा येत. ते मुलाजवळ तासभर बसत आणि बाईंजवळ अर्धा तास. बाई म्हणत की तो अर्धा तास अधिक मोलाचा होता.

महिन्यातून दोनदा हे पुरेसे नाही, हे उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली, विशेष गरजा असलेल्या प्राथमिक स्तरावरील दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण घालून दिले. एकेका शिक्षकाकडे विखुरलेल्या कित्येक शाळा असतात, तेव्हा त्या प्रमाणापासून आपण किती दूर आहोत, हे या सभागृहातील फिरत्या शिक्षकांना मी सांगावयास नको.

अडचण पैशाची नव्हती, वेळेची होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकांनी सरळ विचारले, "याच्यामागे बाई एवढा वेळ घालवतात, आमच्या पोरांचे काय?" प्रश्न अयोग्य नव्हता. बाईंनी वाचनगटांची वही पुढे केली. त्या चाळीस मिनिटांत त्या पालकांची मुलगीही दोन पायऱ्या वर सरकली होती. तरी त्या गृहस्थांचे पुरते समाधान झाले नाही. तेव्हा टेम्पो चालविणारे एक सदस्य उठले आणि म्हणाले की, मी आजही गावांच्या पाट्या रंगावरून आणि वळणावरून ओळखतो. मला चौथीत शाळेतून काढले, तेव्हा कोणी बैठक घेतली नव्हती. विषय तेथे थांबला. संपला असे मी म्हणणार नाही; पुढच्या वर्षी तो पुन्हा निघाला.

पालकांकडून आणखी दोन उपाय होतात, त्यांचा उल्लेख करतो. एक म्हणजे मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसविणे. शिकविण्याची रीत तीच ठेवून वर्ष तेवढे दुसऱ्यांदा घालविले तर पदरी काय पडणार? दुसरा म्हणजे इंग्रजी माध्यमात घालणे. मातृभाषेतील अक्षरांशी झगडणाऱ्या मुलावर आणखी एका लिपीचा भार टाकणे हे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. शब्दाचा उच्चार एक आणि लेखन भलतेच, हा त्या भाषेचा स्वभावच आहे.

ग्रामपंचायत सदस्यांशी दोन शब्द. आपण म्हणाल, अध्यापनात आमचे काय काम? या मुलाच्या प्रमाणपत्रासाठी आईवडिलांना जिल्हा रुग्णालयात चार खेपा घालाव्या लागल्या. एकदा मानसतज्ज्ञ नव्हते, एकदा कागद अपुरा होता. प्रत्येक खेपेस दोन माणसांची मजुरी बुडाली आणि एस. टी. चे भाडे गेले. पाचवी खेप पडली असती तर आपण नाद सोडला असता, असे वडिलांनी मला सांगितले. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावयाचा असतो. मार्चअखेर वस्तूंचे वाटप करून तो संपविण्याची प्रथा पडली आहे. त्याची वृत्ते मीच लिहिली आहेत. नियमांत बसेल तेवढा तो अशा खेपांसाठी वापरता येईल काय, हे ग्रामसेवकांना विचारून ठरवावे. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्रवास व मदतनीस भत्त्याची, तसेच मुलींसाठी दरमहा दोनशे रुपये विद्यावेतनाची तरतूद करण्यात आली आहे. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो. वाचता न येणारा मुलगा निदान तक्रारीचा विषय होतो. वाचता न येणारी मुलगी बहुधा गुपचूप घरी बसते. आणि तिच्या नावाने प्रमाणपत्र काढावयास घरचे धजत नाहीत, कारण पुढे लग्नाचा प्रश्न असतो. ही भीती निराधार आहे असे सांगून ती जात नाही. सरपंचांनी आणि अंगणवाडी सेविकांनी त्या घरी एकापेक्षा अधिक वेळा जावे लागते.

तो मुलगा आता आठवीत आहे. वाचतो, पण सावकाश. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतात आणि होत राहतील. पाचवीला तो पाच किलोमीटरवरील माध्यमिक शाळेत गेला, तेव्हा त्याची प्राथमिक शाळेतील फाइल तेथे पोहोचली नव्हती. नव्या वर्गात साठांवर मुले. पहिले दोन महिने तो पुन्हा शेवटच्या बाकावर होता आणि इंग्रजी, हिंदी, मराठी अशा तिन्ही विषयांत नापास झाला होता. शेवटी बाईच एका शनिवारी ती फाइल पिशवीत घालून घेऊन गेल्या आणि नव्या वर्गशिक्षकांसमोर बसून तिचे एकेक पान समजावून आल्या. दहावीला वाढीव वेळ आणि लेखनिक मिळावयाचा तर त्याचे कागद आतापासूनच लावून ठेवावे लागतील, कारण पुढील वर्षी त्याला चौदा पूर्ण होतात आणि प्रमाणपत्राची तपासणी नव्याने करावी लागते. त्या खेपेस आईवडिलांसोबत कोणी जावयाचे, हे त्याच्या ग्रामपंचायतीने अजून ठरविलेले नाही. तिचे दोन सदस्य समोर बसले आहेत.

गटशिक्षणाधिकारी आणि फिरते शिक्षक सायंकाळपर्यंत येथे आहेत. आपल्या शाळेतील असे एखादे मूल डोळ्यांसमोर असेल, तर त्याची इयत्ता, वय आणि हजेरी एवढे तीन तपशील लिहून त्यांच्याकडे द्यावेत.